योगेशच्या वाटणीचं पंचामृत

भाषणाला कुणी येत नाही, प्रसादाला सगळे येतात, हे योगेशला तीन वर्षांत पुरतं कळलं होतं. चांदवडकडच्या त्या गावात तो आरोग्यसेवक होता. गुरुवारी गावातल्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचायची होती. गेल्या शिबिराला एकच कुत्रं आलं होतं, तेही वाट चुकून. महिन्याभरात तिघांना कुत्रं चावलं होतं, आणि यंदाही कुत्री आली नाहीत तर लस दुसऱ्या गावाला जाणार होती. म्हणून त्यानं भिमाजी शेतकऱ्याच्या मागे लागून त्याच्या घरी सत्यनारायण घालायला लावला. पूजेनंतर पाच मिनिटं आपण बोलायचं, एवढाच बेत होता.

गर्दी झकास जमली. भिमाजीच्या आईनं, सगुणाबाईंनी, पहिलं पंचामृत योगेशच्या तळहातावर घातलं. त्यानं ते घेतलं, हात डोक्यावरून फिरवला आणि उभा राहून तीन वर्षांच्या सवयीनं सुरुवात केली, "मंडळी, कच्चं दूध कुणीही पिऊ नका!" मग जीभ चावून त्यानं हळूच विचारलं, "आजी, पंचामृताचं दूध तापवलं होतं ना?"

"पंचामृताचं दूध कुणी तापवतं व्हय? सकाळीच गायीचं काढलंय."

दुसऱ्या दिवशी भिमाजी धावत आला. "सायेब, गाय लाळ गाळतीये. घास गिळंना."

"तिला कुत्रं चावलं होतं का कधी?"

"गेल्या महिन्यात. पायाला. हळद लावली की."

"अहो भिमाजीभाऊ, मग मला आत्ता सांगताय?"

"तुम्ही इचारलंच नाय."

 योगेशनं आरोग्य केंद्राच्या मॅडम डॉक्टरांना फोन केला. पंचामृत घेतलेल्या प्रत्येकाची यादी करा, सगळ्यांना रेबीजची सुई द्यावी लागेल, असा हुकूम आला. पूजेला असतील साठ-सत्तर माणसं. यादीत एकशे चाळीस भरली. नाव नाही म्हणजे पूजेला गेला नाही, असा अर्थ निघत होता, आणि तो कलंक कुणालाच नको होता. त्या दिवशी लासलगावला कांदा घेऊन गेलेल्यांनीही नावं घातली.

सुईपाशी मात्र रांग हलेना. "पोटात चौदा देत्यात म्हणं!"

"दंडावर देतात हो आता!"

"मग आधी तुम्ही घ्या. पंचामृतबी आधी तुम्हीच घेतलंत."

योगेश शाळेत असल्यापासून सुईला भ्यायचा. गावासमोर डोळे मिटून त्यानं ती घेतली, आणि मग सगळं गाव मुकाट टोचून घेऊन गेलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याचं ऐकलं होतं. त्याला रडूच आलं, पण लोकांना वाटलं सुईमुळे.

त्याच संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरांनी हातमोजे चढवून गायीच्या घशात हात घातला आणि अख्खा कांदा बाहेर काढला. गाय लगेच वैरणीला लागली.  संपलं! आता हे गाव आपल्याला दारातसुद्धा उभं करणार नाही, असं योगेशला वाटलं.

पण गुरुवारी शिबिराला सगळं गाव हजर होतं. नवे कपडे घालून, हसतखेळत. योगेशचा ऊर भरून आला. मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं.

"भिमाजीभाऊ, कुत्री कुठेत?"

"कुत्री कशाला? आम्हाला सगळ्यांना टोचलंय न्हवं! आता चावंना का कुत्रं, काय फरक पडतो?"

"अरे देवा! एका सुईनं काही होत नाही हो! आणि कुत्र्यांना टोचल्याशिवाय..."

"उगं मुक्या जनावराला कशाला तरास, सायेब?"

"मग तुम्ही आलात कशाला?"

"गाय बरी झाली म्हणून पूजा घातलीये. प्रसादाला तुमच्यासाठीच खोळंबलोय."

पेटीतला बर्फ वितळत होता. योगेशनं लसीच्या बाटल्या आत ठेवून झाकण लावलं. सगुणाबाई पंचामृताचं भांडं घेऊन पुढे आल्या. त्यानं हात मागे घेतला आणि खचलेल्या आवाजात विचारलं, "आजी, आज तरी दूध तापवलंय का?"

"व्हय तर!" सगुणाबाईंनी पदराखालून एक छोटी वाटी काढली. "गावाचं तसंच हाय. पर तुमच्या वाटणीचं येगळं तापवलंय. तीन वर्षं सांगताय बिचारे, तुम्हाला कच्चं सोसत नाय म्हणून."