तिसऱ्या शिट्टीची चौकशी

डाळ शिजली आहे की नाही, हे सांगण्याचा अधिकार आपल्या कुटुंबव्यवस्थेत डाळीला नाही. तो शिट्ट्या मोजणाऱ्याला आहे, आणि स्वयंपाक करणारीने शिट्ट्या मोजू नयेत असा संकेत आहे. (दोन्ही कामे एकीनेच केली, तर दोष कोणी कोणाला द्यायचा?)

चौसाळ्यात माझ्या भिंतीपलीकडच्या घरी ही व्यवस्था आदर्श होती. सून बबिता कुकर लावी आणि सासू सारजाबाई ओसरीवर ज्वारी निवडत शिट्ट्या मोजत. तुरीच्या डाळीला तीन. मग ठेचलेला लसूण, जिरे, लाल मिरची आणि वरून चिमूटभर येसूर मसाला. त्या फोडणीच्या वासात मी माझ्या वरणात दोनदा मीठ घातले आहे. परंतु दाणा दाताखाली आला की उत्तम फोडणीही वाया जाते, आणि अलीकडे तो वारंवार येत होता.

कुकर बबिताच्या माहेरचा होता. आणखी एकदा डाळ कच्ची निघाली, तर कुकर माळ्यावर आणि पातेले चुलीवर जाईल, असे सारजाबाईंनी जाहीर केले.

"आत्याबाई, दोनच झाल्या होत्या," बबिता म्हणाली.

"तीन. माझे कान काय माळ्यावर हायेत?"

शास्त्र शिकवणारी शेजारीण म्हणून चौकशी माझ्याकडे आली, आणि ती संपेपर्यंत कुकरच्या शिक्षेला स्थगिती मिळाली. मी अकरा दिवस वही घेऊन ओसरीवर बसले. निष्कर्ष असे: सारजाबाईंनी मोजलेल्या शिट्ट्या तेहतीस. पैकी कुकरच्या सव्वीस, परमेश्वरच्या सात. (परमेश्वर म्हणजे शेळ्या राखणारा. वरच्याने शिट्टी वाजवल्याची नोंद आढळली नाही.) डाळ कच्ची निघाली ते दिवसही सात.

परमेश्वरला बोलावण्यात आले.

"कावून वाजवतो रे, ऐन डाळीच्या वक्ताला?" सारजाबाईंनी विचारले.

"काकी, शिट्टीबगर शेरडं वळत न्हाईत. पाटी लावू का? त्यास्नी कुठं वाचता येतंय?"

अखेर त्याने यापुढे केवळ 'हुर्र' म्हणावे, असे ठरले. हा ठराव शेळ्यांना मान्य झाला नाही. दुसऱ्या दिवशी कुकरची पहिली शिट्टी होताच त्या गल्लीत वळल्या. दुसरीला लिंबाच्या झाडापर्यंत आल्या. तिसरीला चौदाच्या चौदा बबिताच्या उंबऱ्यावर होत्या. बबिताने गॅस बंद केला. डाळ लोण्यासारखी शिजली होती.

पुढचे नऊ दिवस सारजाबाईंनी समांतर मोजणी केली. त्यांचे आणि शेळ्यांचे दोनदा जमले नाही. दोन्ही वेळा डाळीने शेळ्यांची बाजू घेतली.

कुकर माळ्यावर गेला नाही. मोजणीचे काम रीतसर शेळ्यांकडे सोपवले असून, मानधन म्हणून रोज एक शिळी भाकरी (चौदा जणींत) दिली जाते. सारजाबाई आता ओसरीवर केवळ ज्वारी निवडतात आणि ती मोजणी अधिकाऱ्यांपासून राखतात.

शेळी का चुकत नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. परमेश्वरने सांगितले होते तेच खरे कारण आहे. तिला वाचता येत नाही, त्यामुळे तिचे लक्ष ढळत नाही.

तुम्ही सुशिक्षित आहात. कुकर लावून हे वाचायला बसलात. किती झाल्या?