ओदिलोन मास्तर चुकीच्या टोपलीपाशी

मंगळवारी सकाळी चायोबाई आपल्या नवऱ्याच्या चष्म्यावर बसल्या. चष्मा खुर्चीवर ठेवला ही नवऱ्याची चूक, की न बघता बसल्या ही चायोबाईंची, यावर वाद पेटला आणि त्या भरात नाश्ता राहून गेला. शेवटी ओदिलोन मास्तरांनी टोपी उचलली.

"निदान माझा चष्मा तरी लावा," चायोबाई म्हणाल्या.

"तो गुलाबी? खडे लावलेला? तो लावून मी स्टेशनात जाऊ?"

"स्टेशनात आता आहे कोण बघायला?"

हे मास्तरांना लागलं. अपिसाको हे रेल्वेचं गाव आणि ओदिलोन मास्तर तिथले स्टेशनमास्तर. प्रवासी गाड्या बंद झाल्या, मालगाड्या न थांबता निघून जाऊ लागल्या, मास्तर निवृत्त झाले, तरी रोज सकाळी ते स्टेशनापर्यंत जाऊन येत. गाडी आली नाही ना याची खात्री करायला जातात, असं चायोबाई शेजारणींना सांगत. खरं तर ते टाको खायला जात.

त्या भागात टाको टोपलीत मिळतात. पहाटे घरी मक्याच्या मऊ भाकऱ्यांत बटाटा, घेवडा, नाहीतर लाल वाटणातलं मांस भरायचं, वरून गरम तेल सोडायचं आणि टोपलीत कापडाखाली दडपून ठेवायचं. सायकलवरून गावात येईपर्यंत ते आपल्याच वाफेत मुरतात. सेवेरो नावाचा माणूस पूर्वी अशी टोपली खांद्यावर घेऊन फलाटावर यायचा. गाडी थांबली की तो खिडक्याखिडक्यांतून कागदात गुंडाळलेले टाको देत धावायचा, आणि तो शेवटच्या डब्यापर्यंत पोचेस्तोवर ओदिलोन मास्तर हिरवं निशाण दाखवत नसत. वरिष्ठांनी उशिराचं कारण विचारलं, तर रुळावर गाय आली होती म्हणत. अपिसाकोत तेवढ्या गाई नव्हत्या.

सेवेरो गेला. त्याच्या दोन मुलांचं, नबोर आणि फेर्मिनचं, बापामागे भांडण झालं ते स्टेशनाच्या फाटकाजवळच्या झाडावरून. झाड एकच, त्याची सावली एका सायकलीपुरती. थोरला म्हणून नबोरने ती घेतली, फेर्मिन समोर उन्हात उभा राहिला, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. अर्धं गाव सावलीत खाई, अर्धं उन्हात. मास्तरांपुढे निवडीचा प्रश्नच नव्हता. नबोरच्या मुलीचे, सोचिलचे, ते बाप्तिस्म्यातले धर्मपिता. फेर्मिनच्या टोपलीतला घासही त्यांनी कधी चाखला नव्हता, आणि तो किती बेचव असतो हे मात्र ते भेटेल त्याला सांगत.

त्या मंगळवारी वाटेत नबोरची सायकल पंक्चर झाली. सावली रिकामी पाहून फेर्मिनने हळूच आपली सायकल तिथे आणून लावली. ऊन कडक होतं, भाऊ येईपर्यंत जरा डोकं थंड होईल, इतकाच त्याचा विचार होता. तेवढ्यात समोरून मास्तर आले. त्यांना झाड दिसलं, झाडाखाली सायकल दिसली, सायकलीमागे टोपी घातलेला एक आकार दिसला. दोघा भावांचा आकार एकच होता.

"नेहमीचे दे," मास्तर म्हणाले.

फेर्मिनने टोपी डोळ्यांवर ओढली. मग त्याने बशी भरली, वर हिरवी चटणी घातली. मास्तर पुढे वाकले, कोपर बाजूला काढून पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे मिटले. घेवडा लोण्यासारखा उतरला. कोळशाचा धूर, इंजिनाचा घोष, खिडकीतून बाहेर आलेले हात, सगळं जिभेवर आलं.

"काय बोलू बाबा," मास्तर म्हणाले, "हा सेवेरोचा हात आहे. तुझ्या त्या भावाने जन्मभर डोकं आपटलं तरी ही चव त्याला येणार नाही."

"हूं," फेर्मिन म्हणाला.

"त्याच्याकडचे खाऊन परवा कुणाचं तरी पोट बिघडलं म्हणे."

"कुणाचं?" आवाज जरा दबका होता.

"असेल कुणाचं तरी. बटाट्याचे आण." मास्तर रंगात आले. "आणि शनिवारची काळजी करू नकोस. सोचिलच्या पंधराव्या वाढदिवसाचा केक मी सांगितलाय, मोठा, मजल्यांचा. तिचा झगा चायोने पाहिला. आकाशी आहे म्हणे."

"चर्चमधली मिस्सा किती वाजता आहे?"

"अरे, पोरीचा बाप तू, आणि वेळ मला विचारतोस? बाराला."

"झगा आकाशी आहे," फेर्मिन पुटपुटला आणि न मागता त्याने बशीत आणखी टाको ठेवला.

इतक्यात मास्तरांच्या पाठीमागून आवाज आला, "पोट भरलं असेल तर इकडे बघा, कोंपाद्रे."

मुलीच्या बाप्तिस्म्याने जोडलेल्या माणसाला तिथे असं म्हणतात, आणि मास्तरांना असं म्हणणारा जगात एकच होता. ते वळले. पंक्चर सायकल हाताने ढकलत आलेला दुसरा आकार उन्हात उभा होता.

"नबोर?" मास्तर म्हणाले. मग झाडाकडे वळून, "आणि तू?"

"मी तो पोट बिघडवणारा," फेर्मिन म्हणाला.

मास्तरांच्या हातातली बशी वाकडी झाली आणि चटणी बुटावर गेली. "चष्मा फुटला रे. चायो बसली त्याच्यावर. डोळ्यांपुढे सगळं धुकं आहे."

"डोळे गेले, कळलं," नबोर म्हणाला. "जीभही घरी ठेवून आलात का?"

मास्तर चटणी पुसायला खाली वाकले. चव वेगळी लागली म्हणावं, तर मग खाल्ले का? तीच लागली म्हणावं, तर इतकी वर्षं सांगितलं ते काय? बेचव होते म्हणून सुटावं, तर शेजारीच फुलवाली रामिरा बादलीवर बसली होती आणि तिचे कान उत्तम होते.

"सेवेरोचा हात आहे म्हणाले," रामिराने माहिती पुरवली. "डोळे मिटून म्हणाले."

"शनिवारी तुम्ही त्रास घेऊ नका," नबोर म्हणाला. "केक आम्ही बघू."

मास्तर घरी पोचले तेव्हा बातमी आधीच पोचली होती. चायोबाई दारातच उभ्या होत्या. "मी बसले चष्म्यावर, आणि तुम्ही बसलात पोरीच्या वाढदिवसावर," एवढंच त्या म्हणाल्या.

बुधवारी मास्तर जेवले नाहीत. सोचिलला त्यांनी बाप्तिस्म्याच्या दिवशी हातात धरलं होतं, तेव्हा ती इतकी रडली की पाद्र्याला प्रार्थना दोनदा म्हणावी लागली. मुलीचा पंधरावा वाढदिवस तिथे लग्नासारखा साजरा करतात, आणि सोचिलचा तो त्यांच्याशिवाय व्हायचा? नबोरची समजूत घालू शकेल असं एकच माणूस होतं, ते म्हणजे त्याची आई. काताबाई गावाबाहेर सान विसेंतेत एकट्या राहत. गुरुवारी पहाटे मास्तरांनी मुकाट्याने गुलाबी चष्मा लावला आणि शेअरगाडी पकडली.

काताबाईंच्या स्वयंपाकघरात दिवा होता, दार उघडं होतं. चुलीवर घेवड्याचं एकच मोठं पातेलं, शेजारी बटाट्याचं एकच, आणि जमिनीवर निळं कापड अंथरलेल्या दोन टोपल्या. काताबाई एक टाको या टोपलीत ठेवत होत्या, एक त्या टोपलीत.

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "वहिनी, दुसरी टोपली कुणाची?"

"तुम्ही इथे कसे?" काताबाई म्हणाल्या, आणि बाहेर सायकलची घंटा वाजली. म्हातारीच्या अंगात वारं शिरलं. तिने एक टोपली मास्तरांच्या हातात कोंबली आणि टोपलीसकट त्यांना मक्याच्या कोठीत ढकलून दार लावलं.

फटीतून मास्तरांना नबोर दिसला. तो आईजवळ बसला, कॉफी प्यायला, पोरीच्या झग्याचं सांगितलं, मास्तरांनी कसा दगा दिला तेही सांगितलं. "फेर्मिनची बायको काय शिजवते देव जाणे, पण मास्तरांना तुझ्या हातचं आणि तिच्या हातचं एकच वाटलं."

"म्हातारे झालेत ते," काताबाई म्हणाल्या. "सोडून दे."

नबोर समोरच्या दाराने गेला. थोड्या वेळाने मागच्या दाराने फेर्मिन आला. तोही बसला, कॉफी प्यायला. "आई, नबोरची बायको कसं करते ग? मास्तर म्हणत होते त्यांना फरकच कळला नाही."

"कोत्या मनाची आहे ती, तिला काय जमणार," काताबाई म्हणाल्या आणि कोठीचं दार किलकिलं करून मास्तरांच्या हातातली टोपली बाहेर ओढून घेतली.

फेर्मिन गेल्यावर मास्तर अंगावरचा मक्याचा भुसा झटकत बाहेर आले. "वहिनी, तुम्ही दोघांनाही फसवता."

"दोघांनाही जेवू घालते."

"भांडण मिटवा की. एक शब्द बोललात तर मिटेल."

काताबाई चुलीतली लाकडं मागे ओढत राहिल्या. "मिटलं तर एकच जण येईल दोन्ही टोपल्या न्यायला. आता दोघं येतात. दोघं बसतात." मग वळून म्हणाल्या, "कुणाला सांगायचं नाही. सेवेरोची शपथ घ्या."

मास्तरांनी घेतली. सेवेरोची शपथ मोडणं त्यांना शक्य नव्हतं, हे त्या जाणून होत्या.

शनिवारचं सोचिलनेच सोडवलं. मास्तरबाबा नसतील तर मी नाचणार नाही, असं तिने बापाला सांगितलं, आणि पोशाख करून बसलेल्या मुलीपुढे नबोरचं काही चाललं नाही. मास्तर केक घेऊन आले, सोबत काताबाईंना आणलं. काताबाईंनी येताना फेर्मिनच्या दंडाला धरून त्यालाही ओढत आणलं. म्हातारीला अडवायची कुणाची छाती नव्हती. नबोरने तोंड फिरवलं, इतकंच.

मिस्सा नीट झाली, पण मंडपात जेवण आलं नाही. आचाऱ्याची गाडी कुठेतरी अडकली होती. बँडवाल्यांनी तीच तीन गाणी फिरवून फिरवून वाजवली. पाहुणे रिकाम्या बशांकडे बघू लागले. तेव्हा काताबाईंनी मास्तरांना खूण केली आणि त्यांनी गाडीतून एक टोपली काढून आणली. दोन्ही मुलांनी सुट्टी घेतली होती, तरी म्हातारी सवयीने पहाटे उठून शिजवून बसली होती.

पहिल्या घासाला मंडप शांत झाला. दुसऱ्याला वाद सुरू झाला.

"नबोरचे आहेत," सावलीतलं गिऱ्हाईक म्हणालं.

"काहीतरीच. फेर्मिनचे आहेत," उन्हातलं म्हणालं. "मी रोज खातो."

"मीपण रोज खातो."

रामिराने दोन्ही बाजूंकडे पाहिलं आणि म्हणाली, "मास्तरांनाही मंगळवारी हेच झालं होतं."

नबोरने एक टाको उचलला. फेर्मिननेही उचलला. दोघांनी चावला, दोघं थांबले, आणि दोघांनी एकदम आईकडे पाहिलं.

"आई," नबोर सावकाश म्हणाला, "हे कुणी केले?"

काताबाईंची पापणी लवली नाही. "मास्तरांनी," त्या म्हणाल्या.

मास्तरांच्या तोंडात नेमका घास होता.

"मास्तरांनी?" फेर्मिन म्हणाला.

"तुमच्या बापाजवळ फलाटावर रोज उभे असायचे. शिकले असतील. मला काय विचारता, त्यांना विचारा."

सगळा मंडप मास्तरांकडे बघत होता. मास्तरांनी घास गिळला. त्यांच्या डोळ्यांपुढे सेवेरो उभा राहिला, टोपली खांद्यावर, शेवटच्या डब्याकडे धावणारा. "थोडंफार," ते म्हणाले.

"मला वाटणात मिरची कुठली तेसुद्धा धड सांगितलं नाही बाबांनी," नबोर म्हणाला. हे तो फेर्मिनला म्हणाला.

"मला तरी कुठे सांगितलं," फेर्मिन म्हणाला. "पोरांना नाही, आणि स्टेशनमास्तरला?"

"आणि वर माझ्याकडे रोज येऊन खाणार. शांतपणे."

"तपासायला येत असतील."

"उद्या तिसरी सायकल आणतील फाटकापाशी."

"आणू दे तर खरी," फेर्मिन म्हणाला आणि भावाच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. दोघं आचारी येईपर्यंत तिथेच डोक्याला डोकं लावून बसले होते. पलीकडे सोचिल आकाशी झग्यात मास्तरांबरोबर नाचली. मास्तरांचे पाय दोनदा चुकले. चष्मा गुलाबीच होता.

सोमवारी मास्तर स्टेशनापाशी गेले, तर दोन्ही सायकली झाडाखाली चिकटून उभ्या होत्या. सावली दोघांना पुरत नव्हती. तासातासाने ते जागा बदलत होते आणि कुणाचा तास लांबला यावर तोंड सुटलं होतं. मास्तर जवळ आल्यावर दोघांनी टोपल्यांवर कापड ओढलं.

"संपले," नबोर म्हणाला.

"संपले," फेर्मिन म्हणाला. दोन्ही टोपल्यांतून वाफ येत होती.

मास्तर घरी आले. सान विसेंतेहून निरोप होता की मंडपात बोलता बोलता मुलांना एकमेकांच्या टोपलीचं कळलं, आता ती एकदमच येतात, मागचं दार सोडून समोरच्याने येतात आणि कॉफी दुप्पट लागते. काताबाईंनी त्यांचे आभार मानले नव्हते, पण येऊन जा म्हणाल्या होत्या.

त्या दिवसापासून चायोबाई स्वतः टाको आणायला जाऊ लागल्या. पहिल्याच दिवशी त्या परतल्या तेव्हा पिशवीचे बंद ताणले होते.

"एवढे?" मास्तर म्हणाले.

"नबोरने दिले. मग तो पाणी आणायला गेला, तेव्हा फेर्मिनने आणखी घातले, म्हणाला, भावाला सांगू नका. मी निघाले, तर नबोर कोपऱ्यापर्यंत धावत आला आणि अजून घातले. तोही तेच म्हणाला."

 मास्तरांनी बशी घेतली आणि अंगणात भिंतीपाशी जाऊन उभे राहिले, पुढे वाकून, कोपर बाजूला काढून.

"बसून खा की जरा," चायोबाई म्हणाल्या.

"बसून तसे लागत नाहीत."

 मग आपली बशी भरून चायोबाईही शेजारी येऊन उभ्या राहिल्या, आणि झग्यावर तेल ओघळू नये म्हणून नवऱ्यासारख्याच पुढे वाकल्या.