चटणी जरा गोड

हिमांशुबाबू सान्यालांच्या मते चांगल्या हॉटेलात मेन्यूकार्डच नसतं. "शंभर पदार्थ म्हणजे एकही धड नाही," असं म्हणत त्यांनी चंदननगरातलं एकेक हॉटेल बाद केलं होतं. तरी दर रविवारी ते लेकीला, केतकीला, नव्या हॉटेलात नेत आणि बाहेर पडताना विचारत, "कसं वाटलं?"

ती म्हणे, "ठीक."

एकदा तरी तिच्या तोंडून 'छान' काढायचंच, असा त्यांनी चंग बांधला होता.

त्या रविवारी एका इमारतीतून तळलेल्या माशांचा वास आला आणि बाबांचे पाय आपोआप वळले. दाराशी हार घातलेला फोटो होता.

"संस्थापक!" बाबांनी हात जोडले. "जुनी पेढी दिसते."

"या, या, पोटभर जेवा," डोक्याचा गोटा केलेला एक गृहस्थ म्हणाला.

"बघ, मालक स्वतः दाराशी!"

आत कार्ड नव्हतं. लुचीच्या पांढऱ्या पुऱ्या, माशाचं डोकं घातलेली डाळ, रुई माशाचं कालवण, सगळं न मागता पानात पडत होतं. बाबांनी माशाची तिसरी तुकडी घेतली, तेव्हा केतकीला वाढप्यांत आणखी दोन गोटे दिसले.

"बाबा, हे हॉटेल नाही! सुतक फिटल्याचं जेवण आहे. संस्थापक वारलेत!"

"हळू बोल. अर्ध्या पानावरून उठलो तर त्यांना काय वाटेल?"

तेवढ्यात थोरला गोटा आला. "काका, काही कमीजास्त?"

"चटणी जरा गोड," जन्माच्या सवयीने बाबा बोलून गेले.

त्याचे डोळे भरले. "आमचे बाबाही हेच म्हणायचे! तुम्ही फार जवळचे दिसता. दोन शब्द बोला ना."

बाबा खरकट्या हाताने उभे राहिले. "यांच्या दारातून कोणी उपाशी गेलं नाही. मी स्वतः साक्षीदार आहे."

सगळी पंगत मुसमुसली. निघताना बाबांच्या हातात संदेश मिठाईचा पुडाही आला.

"कसं वाटलं?" रस्त्यावर त्यांनी विचारलं.

लाजेने लाल झालेली केतकी तरातरा पुढे निघून गेली. आज 'ठीक'सुद्धा मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पितापिता बाबा गेले.

सुतक फिटल्याचं जेवण तिने तीच जागा भाड्याने घेऊन ठेवलं. दाराशी बाबांचा फोटो, त्याला रजनीगंधाचा हार. पंगत बसली आणि एक अनोळखी जोडपं आत शिरलं.

"बघ, मालकीण स्वतः दाराशी!" नवरा बायकोला म्हणाला. "दीदी, मेन्यूकार्ड?"

केतकीने क्षणभर फोटोकडे पाहिलं. "इथे नसतं. बसा."

ती दोघं तुडुंब जेवली. जाताना नवऱ्याने फोटोला नमस्कार केला. "झकास! चटणी तेवढी जरा गोड."

ती दोघं दिसेनाशी झाली, तशी केतकी फोटोकडे वळली.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "त्या दिवशीचं जेवण फार छान होतं."