जोडीची किल्ली

भीमाजीरावांच्या लग्नात दोन भटजी होते. एक मंत्र म्हणायला आणि दुसरा, पहिल्याचा घसा बसला तर असावा म्हणून. पहिल्याचा घसा काही बसला नाही. दुसरा भटजी पूर्ण लग्नभर पाटावर नुसता बसून राहिला, जेवला आणि पहिल्याइतकीच दक्षिणा घेऊन गेला. ही गोष्ट मला खुद्द भीमाजीरावांनी सांगितली, आणि सांगताना त्यांना त्यात हसण्यासारखं काही आहे असं वाटलेलं दिसलं नाही.

तमिळ मुलखातल्या शोळिंगनल्लूरला मुख्य रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं मावूचं दुकान आहे. मावू म्हणजे इडली-डोशाचं वाटलेलं पीठ. इथं बरीच घरं ते विकतच आणतात. दुकानाच्या वर एक खोली आहे, तिथं मी भाड्यानं राहते. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. वडील बार्शीला गवंडीकाम करतात. स्कॉलरशिप मिळाली म्हणून इतक्या लांब आले, आणि आल्यावर पहिल्याच दिवशी जिन्याखालून कुणीतरी मराठीत विचारलं, "पोरी, पेटीस कुलूप एकच काय?"

ते भीमाजीराव. त्यांचे पूर्वज तंजावरचे. घरात मराठी बोलतात, पण ती आपल्याकडे आता कुणी बोलत नाही तशी, मध्येच तमिळकडे वळणारी. मला सुरुवातीला निम्मं कळायचं. त्यांना माझं निम्मं कळायचं. दोघांचं मिळून चालायचं.

त्यांचा आवडता शब्द 'रेंडावदु'. तमिळमध्ये त्याचा अर्थ 'दुसरं'. "रेंडावदु एंगे?" म्हणजे "दुसरं कुठाय?" हा प्रश्न ते सगळ्यांना विचारतात. दूधवाल्याला, रिक्षावाल्याला, टायर बघून. एकदा देवळात नारळ फोडताना पुजाऱ्याला विचारलं. त्यांच्या स्वतःकडे सगळ्याचं रेंडावदु आहे. दोन चष्मे, दोन छत्र्या, दोन पट्टे. दुसरा पट्टा पहिल्याच्या वरून लावलेला. दुकानात दोन ग्राइंडर, दोन गॅस, दोन इन्व्हर्टर आणि वीज कायमचीच गेली तर असावेत म्हणून दोन दगडी आट्टुकल्. आट्टुकल् म्हणजे आपल्या रगड्याचा थोरला भाऊ. हे दोन थोरले भाऊ दारातच बसवलेले असल्यामुळे गिऱ्हाइकाला आडवं होऊन आत यावं लागतं.

आणि दोन फोन. रोज सकाळी दुकान उघडलं की भीमाजीराव एका फोनवरून दुसऱ्याला फोन लावतात. दोन्ही फोन दोन कानांना.

"हॅलो, कोण? भीमाजीराव आहांत काय?"

मग मान दुसरीकडे वळवून, "होय, मीच. बोला."

"ऐकूं येतें काय?"

"स्पष्ट ऐकूं येतें. बरें आहांत ना?"

"बरा आहें. ठेवतों."

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी जिन्यातच थांबले. दुकानात काम करणारी सेल्वी अक्का पीठ ढवळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "घाबरू नको. लाइन तपासतात. एकदा एंगेज लागला होता तर रागावले होते."

तिसऱ्या वर्षाला आम्हाला एक प्रकल्प असतो. सरांनी सांगितलं, एखादा छोटा व्यवसाय निवडा. पूर, वादळ, वीज जाणं, नेटवर्क जाणं अशा अडचणीत तो कसा टिकेल आणि गिऱ्हाइकांशी कसा जोडलेला राहील ते बघा, आणि नुसतं लिहू नका, मदत करा. वर्गातल्या मुलांनी मोठमोठ्या ओळखी काढल्या. माझी ओळख एकच होती, आणि ती माझ्या खोलीच्या खाली होती.

मी भीत भीत विषय काढला. भीमाजीरावांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सर आजारी पडले तर प्रकल्प कोण तपासणार? रेंडावदु सर आहेत काय?"

मी म्हटलं, "विचारून सांगते."

खरंच विचारलं. सरांनी विचारलं, मी आजारी दिसतो का?

पण भीमाजीरावांची काळजी पोकळ नव्हती. मागच्या पावसाळ्यात गल्लीत पाणी भरलं आणि दुकान काही दिवस उघडलं नाही. तेवढ्यात समोरच्या सोसायट्यांतल्या लोकांनी सुपरमार्केटमधली पाकिटं आणली, आणि त्यातले बरेच दुकानाकडे परतलेच नाहीत. "अजून एक वेळ शटर बंद राहिलें," ते म्हणाले, "की मग शटर उघडण्यास कारण राहायचें नाही. पाकीट कधीं सुट्टी घेत नाहीं, पोरी."

मी कामाला लागले. गिऱ्हाइकांचा फोनवर एक ग्रुप केला. भीमाजीराव त्यात दोन्ही फोनांवरून आले. एका फोनवरून लिहायचे, 'मावू तयार.' दुसऱ्यावरून उत्तर द्यायचे, 'फार छान.' पाचव्या मजल्यावरच्या मामींनी विचारलं, हा दुसरा सभ्य गृहस्थ कोण?

ग्रुपवर त्यांचा विश्वास मात्र बसला नाही. त्यांचा विश्वास घंटेवर. संध्याकाळी ताजं पीठ तयार झालं की ते दुकानाबाहेरची पितळी घंटा वाजवतात. ती त्यांच्या वडिलांची पद्धत. गल्लीतली जुनी घरं अजून त्या घंटेला डबे घेऊन येतात. अर्थात घंटा दोन आहेत, एकाच दोरीला.

तिथंच माझ्या लक्षात आलं. एकाच दोरीला! मग मी नीट बघत गेले. दोन चष्मे एकाच डबीत. दोन फोन रबर लावून एकत्र, एकाच खिशात. दोन इन्व्हर्टर एका बटणावर. शटरला दोन्ही बाजूंना दोन-दोन कुलुपं, आणि त्यांच्या किल्ल्या व जोडीच्या किल्ल्या सगळ्या एका कडीत, एका खिळ्यावर. या माणसाकडे सगळं दुसरं होतं, पण पहिलं जिथं हरवेल तिथंच दुसरंही हरवणार होतं.

मला फार आनंद झाला. प्रकल्पाला लागणारी कच्ची जागा सापडली होती. पण सांगायचं कसं? दोन दिवस जिना वर-खाली केला. शेवटी म्हटलं, "मामा, जोडीची किल्ली वेगळीकडे ठेवली तर? म्हणजे एक इथं, एक दुसरीकडे…"

भीमाजीराव एरवी कुठल्याही प्रश्नाला तयार असतात. पण या वेळी त्यांनी कडीतल्या किल्ल्या मुठीत धरल्या.

"दुसरीकडे? एकटी?"

"हो. म्हणजे सुरक्षित…"

"नको," ते म्हणाले, आणि तांदूळ निवडायला बसले. ते आधीच निवडलेले होते.

सेल्वी अक्कानं मला डोळ्यांनी खूण केली, पुढं बोलू नको. मी जिना चढले.

मग कार्तिकात ते वादळ आलं. रात्रभर पाऊस. सकाळी गल्लीत गुडघाभर पाणी, वीज गेलेली, नेटवर्क गेलेलं. दुकानाला पायऱ्या आहेत म्हणून आत पाणी नव्हतं. भीमाजीरावांनी आणि सेल्वी अक्कानं वीज जाण्याआधी सगळं पीठ वाटून ठेवलं होतं. मोठमोठी पातेली भरून. भीमाजीराव खुशीत होते. आज पाकिटाचा ट्रक येणार नव्हता.

मी खाली आले तेव्हा दोघं बंद शटरच्या बाहेर उभे होते. भीमाजीरावांच्या हातात दोन छत्र्या, दोन्ही उघड्या.

"काय झालं?"

सेल्वी अक्का म्हणाली, "पाणी किती चढलं ते बघायला बाहेर आलो. शिंतोडे आत जाऊ नयेत म्हणून यांनी शटर ओढलं. आणि सवयीनं चारही कुलुपं दाबली."

"किल्ल्या?"

"खिळ्यावर."

"जोडीच्या?"

"खिळ्यावर," भीमाजीराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

"फोन?"

"भिजूं नयेत म्हणून आंत डब्यात. दोन्ही."

तेवढ्यात आतून आवाज आला. टण्ण.

"झाकण," सेल्वी अक्का म्हणाली. "पीठ फुगतंय."

फ्रिज बंद, इन्व्हर्टरचं बटण आत, हवा दमट. पीठ थांबणार नव्हतं. टण्ण. दुसरं झाकण. भीमाजीराव शटरला कान लावून उभे. प्रत्येक आवाजाला ते पातेल्याचं नाव सांगत. "हें मोठें… हें डोशाचें… अय्यो, हें मामींचें, त्यास मेथी आहे." थोड्या वेळानं शटरखालून एक पांढरी जीभ हळूच बाहेर आली, पहिल्या पायरीवरून खाली डोकावली आणि थांबली. भीमाजीराव तिला छत्रीनं आत ढकलू लागले. दुसरी छत्री माझ्या हातात दिली. मीही ढकलू लागले. मी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते.

कोपऱ्यावरचा रिक्षावाला मुरुगन पाण्यातून लोखंडी पहार घेऊन आला. पहिलं कुलूप लगेच तुटलं. त्याच्या शेजारचं जोडीचं कुलूप काही केल्या तुटेना.

"हें चांगल्या कंपनीचें," भीमाजीराव नकळत अभिमानानं म्हणाले.

मुरुगननं पहार खाली ठेवली. "पेरियवर," म्हणजे थोरले, "तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?"

चौथं कुलूप तुटलं तेव्हा दुपार होत आली होती. शटर वर गेलं. पीठ सगळीकडे होतं. रगड्यांवर, तराजूवर, पाटीवर. पण पातेल्यांत अजून बरंच शिल्लक होतं, फक्त ते आता आंबट झालं होतं. इडलीला चालणार नव्हतं. भीमाजीरावांनी बोटावर घेऊन चाखलं आणि खाली बसले.

"संपलें," ते म्हणाले. "आज मावू नाहीं. कुणास कळवतांही यायचें नाहीं."

मला काय सुचलं ते सांगायची लाज वाटते, इतकं साधं होतं. आमच्याकडे ताक आंबट झालं की आई कढी करते. मी म्हटलं, "मामा, आंबट पिठाचं काहीच होत नाही का?"

सेल्वी अक्का माझ्याकडे बघून हसली. "ऊत्तप्पम होतं की. आंबटच लागतं त्याला."

भीमाजीराव उठले. "गॅस आहे. दोन आहेत." आणि बाहेर जाऊन त्यांनी घंटा वाजवायला सुरुवात केली. दोन्ही घंटा, एका दोरीनं, जोरात.

फोन बंद, टीव्ही बंद, पंखे बंद. अशा शांततेत ती घंटा सोसायट्यांच्या वरच्या मजल्यांपर्यंत गेली. आधी गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका आल्या, साड्या वर खोचून, डोक्यावर डबे. मग बाल्कनीतून बघणारे कंपन्यांतले तरुण उतरले. यांनी आजवर पीठ फक्त फोनवर मागवलं होतं. दुकान कसं दिसतं हे त्यांना आज कळलं. पाचव्या मजल्यावरच्या मामी आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यातला तो दुसरा गृहस्थ कोण?" भीमाजीरावांनी गंभीरपणे स्वतःकडेच बोट दाखवलं.

मी कांदा चिरत होते, सेल्वी अक्का तवे सांभाळत होती. भीमाजीराव प्रत्येकाला दोन ऊत्तप्पम वाढत होते. एक नको म्हणणाऱ्यालाही दोन.

गर्दी ओसरल्यावर आम्ही तिघं पायरीवर बसलो. पाणी उतरायला लागलं होतं. समोरच्या इमारतीतला एक मुलगा जाताना सांगून गेला, "अंकल, उद्याही उघडा हं, पाकीट नको आता." भीमाजीरावांनी मान हलवली. मग म्हणाले, "तूं म्हटलें होतेंस. किल्ली वेगळी ठेवा म्हणून."

"जाऊ द्या मामा."

"मी मूर्ख नाहीं, पोरी. मला ठाऊक आहे, वेगळी ठेवावी. मीहि तसेंच करीत असें." त्यांनी पट्टा सैल केला, आधी वरचा, मग आतला. "मोठा पूर आला त्या वर्षीं मी बायकोस, सरसूला, तंजावरास धाडलें, तिच्या बहिणीकडे. म्हटलें, दोघें एका पाण्यांत कशास? एक येथें, एक तेथें. माझें कांही झालें तर तूं तरी राहशील. तिला जायचें नव्हतें. मी बसमध्यें बसवली." त्यांनी आतला पट्टा पुन्हा आवळला. "येथें मला कांहीच झालें नाहीं. तेथें तिला ताप आला. फोन बंद. लागला तेव्हां तिची बहीण बोलली."

सेल्वी अक्का तवा घासत राहिली. तिला माहीत होतं.

"म्हणून मग मी कांहीच एकटें ठेवीत नाहीं," भीमाजीराव म्हणाले.

चार दिवसांनी नवी कुलुपं आली. भीमाजीराव जिना चढून माझ्या दारात आले. ते कधी वर येत नाहीत. हातात जोडीच्या किल्ल्या.

"ह्या तुझ्याकडे ठेव. प्रकल्पासाठीं."

मी हात पुढं केला. त्यांनी लगेच दिल्या नाहीत.

"एकट्या नको ठेवूं."

मी माझ्या खोलीची किल्ली काढली, त्यांच्या किल्ल्या तिच्याच कडीत घातल्या आणि दाखवल्या. त्यांनी बघितलं, एकदा हलवून आवाज ऐकला आणि खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"हॅलो," खालून, आणि फोनमधून, दोन्हीकडून आवाज आला. "भीमाजीराव बोलतों. किल्ल्या आहेत काय?"

"आहेत, मामा."

"सोबत आहेत?"

"सोबत आहेत."

"तूं बरी आहेस ना?"

"बरी आहे. तुम्ही?"

"बरा आहें. ठेवतों."

आता हा फोन रोज येतो. जिन्यातून खाली बघितलं तर दिसतं. त्यांच्या एका कानाला फोन असतो. दुसरा कान मोकळा असतो.