कुटुंब जेवत आहे

हॉटेल चालवणाऱ्या माणसांनाही दुपारी भूक लागते, ही बाब शहराच्या निदर्शनास फार उशिरा आली. तोपर्यंत त्या गल्लीतल्या एका हॉटेलाची मालकीण, तिचा नवरा, सासू आणि मुलगी अशी चौघं वर्षानुवर्षं बिनबोभाट जेवत होती. कुणाची परवानगी नाही, कुणाला उपद्रव नाही.

गल्लीत ओळीने अनेक मुलखांची स्वस्त हॉटेलं होती. प्रत्येकाचा वास वेगळा, खुर्च्या मात्र सगळ्यांच्या एकाच गोदामातून आलेल्या. मालकिणीचं हॉटेल कपडे धुण्याच्या दुकानाला चिकटून होतं आणि त्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांची राहायची खोली होती. मेनूकार्डावरचे फोटो उन्हाने निळे पडलेले. मटण कुठलं नि भोपळा कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. गिऱ्हाईक एका निळ्या फोटोवर बोट ठेवी, मालक आतून काहीतरी गरम पाठवी, आणि दोघंही समाधानी असत.

दुपारची गर्दी ओसरली की स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या टेबलाशी ही चौघं बसत. जे उरलं असेल ते समोर घेत. कालचा भात, तळाचा रस्सा, वर चिरलेला कांदा. मुलगी दातांच्या दवाखान्यात नोकरीला होती आणि मैत्रिणीबरोबर वेगळी राहत होती. दुपारच्या सुट्टीत ती धापा टाकत येई, आईच्या ताटातला कांदा उचलून खाई आणि आज दवाखान्यात कोण किती जोरात ओरडलं ते सांगे. मालकिणीला दिवसभरात पाठ टेकायला मिळे ती तेवढीच, आणि मुलगी दिसे तीही तेवढीच. बाकीचा दिवस ती त्या जेवणाच्या आशेवर काढायची.

अशा एका दुपारी तिथे जाणकार आला. गल्लीत त्याला याच नावाने ओळखत. तो एका विम्याच्या कचेरीत कामाला होता, पण ते पोटासाठी. त्याचा खरा व्यासंग खाण्याचा. शहरातल्या एकूण एक मुलखाचं त्याने खाल्लं होतं आणि ते कसं खायचं हे त्या त्या मुलखाच्या माणसांना शिकवलंही होतं. 'जिथे त्यांचीच माणसं जेवतात तिथेच जावं' हा त्याचा नियम होता. तो गेला की त्याच्या पाठोपाठ त्याच्यासारखे शंभर जण जात, जागा भरली की 'त्यांची माणसं' दुसरीकडे सरकत, आणि मग जाणकार त्यांचा माग काढत तिकडे जाई.

त्याने मेनूकार्ड उघडलंच नाही.

"मावशी, तुम्ही काय खाताय?"

"आम्ही?" मालकीण तोंडातला घास कसाबसा गिळत उठली. "कालचं उरलंय ते."

"मला तेच द्या."

"नाही हो साहेब, ते गिऱ्हाइकाला नाही देत आम्ही."

जाणकाराने क्षणभर डोळे मिटले. हेच वाक्य ऐकण्यासाठी तो इतकी वर्षं खात हिंडत होता.

मालक गिऱ्हाइकाला देव मानणाऱ्यातला. "अगं, दे. देवाने तोंड उघडून मागितलं तर नाही म्हणायचं का?" असं म्हणून त्याने स्वतःच्या ताटातला अर्धा भात बशीत काढून दिला. जाणकाराने तो हळूहळू, माणूस तीर्थ घेतो तसा खाल्ला. संध्याकाळी त्याने मोबाइलवर जगाला कळवलं की खरी चव मेनूकार्डावर नसते, ती दाराजवळच्या टेबलावर असते. ते लोक ती द्यायला तयार नसतात. हट्ट धरा.

लोकांनी हट्ट धरला.

शिळ्याला मागणी आली आणि पंचाईत झाली. शिळं व्हायला आधी काही उरावं लागतं, आणि गिऱ्हाईक तर काही उरू देईना. मालक आदल्या दिवशी मुद्दाम जास्तीचा भात शिजवून, कुणालाही न देता झाकून ठेवू लागला. रात्री कुणी ताजं मागितलं तर त्याला सांगावं लागे, "ताजं संपलं साहेब, उद्या या, शिळं मिळेल."

"जन्मभर टाकवेना म्हणून शिळं खाल्लं," सासूबाई म्हणाल्या, "आता ताजं ताजं शिळं रांधायचे दिवस आले."

घरच्यांच्या वाट्याला मात्र काहीच राहीना. मग ती चौघं समोरच्या बेकरीतून पाव आणून उकडलेल्या अंड्याबरोबर खाऊ लागली. आठवड्याभरात जाणकाराने आतल्या गोटातली बातमी फोडली. भात आता बाहेरच्यांसाठी झाला आहे, घरचे पाव-अंडं खातात. गिऱ्हाइकं पाव-अंडं मागू लागली. कुटुंब केळ्यांवर आलं, गिऱ्हाइकं केळ्यांवर आली. मध्ये मालकिणीला ताप भरला आणि ती नुसतं गरम पाणी पीत बसली, तर दोन दिवस गरम पाण्याचा तोटा. काहींना त्यात दूरच्या डोंगरातल्या कुठल्याशा सालीची चव लागली. एकाने तापाची गोळीही मागितली. ती मात्र मालकाने दिली नाही. देव झाला म्हणून काय झालं!

शेवटी चौघांनी ताटं उचलली आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. भांड्यांच्या ढिगाशेजारी उभ्याउभ्या का होईना, पण मुलीचं बोलणं पुन्हा ऐकू येऊ लागलं. मालकिणीला तेवढंच पुरे होतं. पण सुख फार काळ टिकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

महापालिकेच्या सांस्कृतिक सलोखा विभागाचे निरीक्षक आले. अतिशय सभ्य गृहस्थ. बसण्यापूर्वी त्यांनी खुर्ची पुसली आणि पुसल्याबद्दल क्षमाही मागितली.

"बाई, आपण जेवत नसल्याची तक्रार आहे."

"जेवतो की साहेब. आत बसून."

"आत बसून केलेलं जेवण विभागाला ग्राह्य धरता येत नाही. या शहरात नाना मुलखांची माणसं गुण्यागोविंदाने नांदतात, हे नागरिकांना दिसलं पाहिजे. आपण दार लावून घेतलंत, तर नागरिकांनी पाहायचं काय? मग हे नुसतं हॉटेल झालं."

"हॉटेलच आहे ना साहेब हे?"

निरीक्षकांनी तिच्याकडे करुणेने पाहिलं आणि 'दृश्य कुटुंबभोजन योजना' समजावून सांगितली. कुटुंबाने दर्शनी भागात, भर गर्दीच्या वेळी जेवावे. भोजनास किमान एक ज्येष्ठ महिला उपस्थित असावी. आपापसातील संभाषण मातृभाषेत व माफक चढ्या आवाजात व्हावे. जेवताना सदस्यांनी मोबाइल हाताळू नये. ती मुभा गिऱ्हाइकांना राहील. योजना ऐच्छिक होती. तिच्यात न बसणाऱ्या हॉटेलाचा परवाना तेवढा रद्द होणार होता.

दाराजवळचं टेबल मधोमध आलं. भोवती दोरी बांधली गेली आणि दोरीला पाटी लागली, 'कुटुंब जेवत आहे'.

मालकीण दिवसातून इतक्यांदा जेवू लागली की तिला भूक लागायचीच बंद झाली. मालकाने तोंड उघडायचं ते फक्त घास घ्यायला, असं ठरवून टाकलं. सासूबाईंना मात्र मानवलं. आजवर त्या सुनेला बोलल्या की घरात कुणी ढुंकून पाहत नसे. आता भात मऊ झाल्यावरून त्यांनी नुसता 'हं' केला तरी चहूबाजूंनी माना डोलत. त्यांची तब्येत सुधारली.

मुलगी पहिल्या दिवशी आली. एका म्हाताऱ्या रुग्णाने कवळी चुकून दुसऱ्याचीच घरी नेली, ही गोष्ट ती आईला सांगत होती, आणि ऐन रंगात आली असताना दोरीवरून एक मोबाइल तिच्या ओठांपाशी आला. ती थांबली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"आई, मी तुझ्याशी बोलायला येते गं. माझ्या घासाचे फोटो काढून घ्यायला नाही."

"थोडे दिवस काढ बाळा. कंटाळतील लोक."

"ते नाही कंटाळायचे. तू आधी कंटाळशील."

मालकिणीने तरी रोज तिचं ताट मांडायचं सोडलं नाही. त्या रिकाम्या ताटाकडे पाहून तिला भरून यायचं. दोरीपलीकडे जाणकार हलक्या आवाजात इतरांना समजावून देई, "या लोकांत पूर्वजांसाठी एक ताट मांडतात. फार जुनी प्रथा आहे." लोक ताटाला हात जोडत.

पुढच्या तपासणीत निरीक्षकांना तरुण पिढी गैरहजर आढळली आणि विभागाने एक कंत्राटी मुलगी पाठवली. ती भलत्याच मुलखाची होती, या घरची भाषा तिला ओ की ठो कळत नव्हती, पण विभागाच्या मते ती मूळ मुलीपेक्षा त्या मुलखाची जास्त दिसत होती. मुलगी कामाला चोख. योग्य जागी हसायची, योग्य जागी मान खाली घालायची. रुजू झाल्यावर काही दिवसांनी तिने मालकिणीच्या ताटातला कांदा उचलून खाल्ला. गिऱ्हाइकं कौतुकाने विरघळली. मालकिणीने ताट मागे ओढलं आणि त्या दिवशी ती पुन्हा जेवली नाही, म्हणजे नियमानुसार आणखी तीनदा जेवली, पण जेवली नाही.

आणि मग एका दुपारी खरी मुलगी आली. दारात रांग होती. रांगेची व्यवस्था आता जाणकार बघत असे, स्वखुशीने.

"ताई, मागे उभ्या राहा."

"अहो, मी मुलगी आहे त्यांची."

"मुलगी आत जेवतेय," जाणकार शांतपणे म्हणाला. "बघालच तुम्ही. काय खरी वाटते!"

मुलीने त्याच्या खांद्यावरून मान उंच केली आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून हाक मारली, "आई! मला दुसऱ्या गावी नोकरी लागली. सोमवारी निघतेय मी!"

मालकीण उठली. दोरी तशीच अंगाला अडकली, पाटी ओढत ती दारापर्यंत गेली आणि लेकीच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. कुठल्या भाषेत रडली हे विचारायचं भान कुणाला राहिलं नाही. हॉटेलातले सगळे मोबाइल वर झाले. मग टाळ्या सुरू झाल्या. एका बाईने डोळे पुसत विचारलं, हे रोज असतं का?

दुसऱ्या दिवशी निरीक्षक तीच विचारणा घेऊन आले. नागरिकांचा प्रतिसाद पाहता निरोपाचा कार्यक्रम दररोज ठेवण्याचा विभागाचा मानस होता. खरी मुलगी गेली तरी कंत्राटी मुलगी निरोप घेऊ शकत होती. तिच्याकडे बॅगही होती.

मालकिणीने ऐकून घेतलं. "साहेब, मला रविवारी रजा पाहिजे."

"कारण?"

"लेक जातेय. तिच्याबरोबर बसून जेवायचंय."

"बाई, जेवणं हेच तर आपलं काम. ते करण्यासाठी त्याच कामावरून रजा कशी मंजूर करणार?" निरीक्षकांना वाईट वाटलेलं दिसत होतं. मनाने ते वाईट नव्हतेच. वाईट असते तर त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं. "घरात कुणी वारलं, तर मात्र पूर्ण कुटुंबाला एक दिवस मिळतो."

"मग मला मेलेली धरा," सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, काहीतरीच काय!" मालकीण कळवळली.

"अगं, धरू दे. या वयात मला शोधत येणार कोण आहे? लेकरू जातंय, जेवू घाल तिला."

निरीक्षकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि सासूबाईंना, त्यांच्याच देखत, सहानुभूतिपूर्वक मृत धरलं. मात्र ज्येष्ठ महिलेचं पद एक दिवसही रिक्त ठेवता येत नव्हतं. विभागाने कंत्राटी आजी दिली, दुखवट्यात असलेल्या मुलगा-सुनेच्या जागी कंत्राटी मुलगा-सून दिली. रविवारी त्या मुलखाचं एकही माणूस टेबलाशी नव्हतं. कुटुंब जेवलं, भांडलं, निरोप घेतला, रडलं. जाणकाराने मुद्दाम हात धुवून येऊन आजीचे पाय धरले. आज जितकं अस्सल होतं तितकं कधीच नव्हतं, असं त्याचं मत पडलं.

वर, धुलाईच्या दुकानावरच्या खोलीत, मालकिणीने दाराला कडी घातली आणि पडदा ओढून घेतला. चौघं खाली जमिनीवर बसली. कित्येक महिन्यांनी तिला सडकून भूक लागली होती. तिने त्या दिवशी जे केलं होतं ते हॉटेलात कधीही शिजलं नव्हतं. पहिला घास घेताच मुलगी आईला काय म्हणाली, हल्ली न बोलणारा मालक काय बोलला आणि मेलेल्या सासूबाई कशाला इतक्या हसल्या, हे सगळं सांगणाऱ्याला नीट ठाऊक आहे.

वाचकहो, तुम्ही आत्ता जरा पुढे सरकून बसलात. ताटात काय होतं, एवढंच तुम्हाला हवंय. तुम्ही त्या दोरीभोवतीच्या लोकांसारखे नाही, तुम्हाला त्या बाईबद्दल मनापासून आस्था आहे, हे मान्य. जाणकारालाही आस्थाच होती.

सरका मागे. जेवू द्या त्यांना.