वनमालाचे पांढरे बूट

वनमालानं पांढरे बूट घातले आणि गावात सरपंचकीची निवडणूक सुरू झाली. तारीख लागायला अजून अवकाश होता, पण गाव तारखेसाठी थांबत नसतं.

बूट आणले होते तिच्या नवऱ्यानं, धुळाजीनं. मांजरसुंब्याहून, पिशवीत गुंडाळून, चोरीचा माल आणावा तसे. पावसाळ्यापासून वनमाला भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. स्वयंपाक करायची, पण मीठ विसरायची. बोलायची, पण विचारलं तरच. घरात कुणी गेलं नव्हतं, भांडण नव्हतं. लेक वैष्णवी सासरी सुखात होती. बीडच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, हे मनाचं दुखणं आहे, डिप्रेशन. गोळ्या घ्यायच्याच, पण रोज सकाळी दम लागेस्तोवर चालायचंसुद्धा. वाटेत भेटेल त्याच्याशी दोन शब्द बोलायचे. आणि एकटीला सोडायचं नाही.

धुळाजीनं सगळ्याला मान डोलावली आणि येताना एसटीत एक गोष्ट स्वतःच ठरवली. यातलं काहीही गावात सांगायचं नाही. मनाच्या दुखण्याला गावात एकच नाव होतं, आणि ते एकदा घराला चिकटलं की आदिनाथला, त्यांच्या पोराला, पोरगी कोण देणार?

पहिल्या दिवशी वनमाला मारुतीच्या देवळापासूनच माघारी फिरली. मग हळूहळू पाणंदीपर्यंत जायला लागली. एका सकाळी तर ती धुळाजीच्या पुढं गेली आणि वळून म्हणाली, "चाला की. कावून मागं ऱ्हायलात?" धुळाजीनं डोळे पुसले आणि धूळ लई हाय म्हणाला.

त्याच दिवशी तिनं ओट्यावर ज्वारी पाखडत बसलेल्या तुळजाबाईला विचारलं, "मावशी, गुडघा बरा हाय का?"

तुळजाबाईच्या हातातलं सूपच खाली आलं. दुपारी नळावर तिनं जाहीर केलं, "माझा गुडघा निवडणुकीबिगर आजवर कुणी इचारला न्हाई."

झालं. गावानं हिशेब जुळवला. सरपंचपद बाईसाठी राखीव. पांढरे बूट गावात फक्त पुढारी घालतात. आणि नवरा-बायको जोडीनं गल्लीतून फिरतात ते लग्नात नाहीतर प्रचारात.

सटवाच्या हॉटेलात धुळाजीपुढं न मागता चहा आला. "पॅनल कुणाचं?" सटवानं हळूच विचारलं. कसलं पॅनल, धुळाजी म्हणाला. मग वहिनी कावून चालत्यात, सटवानं विचारलं. शुगर म्हणावं, धुळाजीच्या मनात आलं, तर उद्या कुणीतरी साखरेचा डबा तपासायला येईल. धुळाजी म्हणाला, "सहज."

त्या गावात आजवर कुणीही सहज चाललेलं नव्हतं. सटवानं बाकीच्यांना डोळा मारला. गडी मुरलेला हाय.

ही बातमी अमरसिंहाला झोंबली. सरपंच त्याची बायको मंगल होती, खुर्चीवर मात्र तोच बसायचा. त्यानं मंगललाही पांढरे बूट आणले आणि ती चालती तर तू बी चाल म्हणून रोज सकाळी वरच्या आळीतून पिटाळायला सुरुवात केली. तरी बायका वनमालाच्याच मागं वाढायला लागल्या. काही हुशार बायका दोघींबरोबर चालायच्या, उद्याचं कुणी सांगावं.

मग एका सकाळी पाणंद बंद झाली. अमरसिंहाच्या शेताला लागून वाट जिथं अरुंद व्हायची, तिथं बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. वनमाला काट्यांकडं बघत राहिली. घरी आली, बूट बाजेखाली सारले आणि भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी उठली नाही. धुळाजी म्हणाला, दुसऱ्या रस्त्यानं जाऊ. ती म्हणाली, "कशाला?"

त्या सांजेला भाजीत मीठ नव्हतं.

धुळाजीनं दोन घास खाल्ले, ताट सरकवलं आणि तडक सटवाचं हॉटेल गाठलं. अमरसिंह बसलेलाच होता.

"दादा, काटं उचला."

"तुमी नाव मागं घ्या, मी काटं उचलतो."

"नाव दिलंच न्हाई, तर मागं काय घेऊ?"

"मग वहिनी कावून चालती? मारुतीची शपथ घेऊन येवढंच सांगा."

सटवानं स्टोव्ह बारीक केला. धुळाजीच्या जिभेवर शब्द आला आणि तिथंच अडकला. डोळ्यापुढं आदिनाथ आला, भिंत आली, बाजेखालचे बूट आले.

"बघा," अमरसिंह लोकांकडं वळला. "तोंड उघडंना गडी."

"मी सांगते."

दारात वनमाला उभी होती. नवरा भरल्या ताटावरून उठून गेला म्हणून मागोमाग आली होती. त्या हॉटेलात बाई कधी चढलेली नव्हती.

"मला मनाचं दुखणं हाय, दादा. पडून ऱ्हायलं की वाटतं, उठूच नये. चाललं की त्या दिवसापुरतं तरी तसं वाटत न्हाई. गोळी घेते आन् चालते. सरपंचकी तुमचीच ऱ्हाऊ द्या. मला निस्ती वाट द्या."

कुणी हसलं नाही. जो तो आपल्या कपात बघायला लागला. धुळाजी ते एक नाव ऐकायला कान टवकारून उभा होता, पण ते कुणीच उच्चारलं नाही.

अमरसिंहाच्या मनात मात्र पहिल्यांदा सहानुभूतीची लाट आली. मतदारांची. तो घाईनं उठला. "उचलतो काटं. पर हे असलं भाषण प्रचारात करायचं न्हाई."

सगळे पाणंदीवर गेले, तर तिथं मंगल आधीच बाभळीच्या फांद्या ओढून बांधाला लावत होती. पायात पांढरे बूट, हाताला ओरखडे.

"आगं, तू कावून?" अमरसिंह म्हणाला.

"तुमीच चालवलं की मला." मंगलनं शेवटची फांदी सरकवली. "सरपंच झाल्यापासून झोप न्हवती. आता लागती. इलेक्शन होऊ नायतर न होऊ, मी चालनार." मग ती वनमालाकडं वळली. "ताई, सकाळी हाक मारा. आपलं बी तसलंच हाय थोडं."

दुसऱ्या दिवशी पाणंदीला पांढऱ्या बुटांचे दोन जोड पुढं होते. मागं धुळाजी, आणि बायको काय बोलती ते ऐकायला आलेला अमरसिंह, दोघंही तोंडानं श्वास घेत. वनमालानं वळून हाक दिली, "चाला की, कावून मागं ऱ्हायलात?"

तुळजाबाईनं ओट्यावरून चौघांना नीट न्याहाळलं, सूप बाजूला ठेवलं आणि नळाकडं निघाली.

"युती झाली," ती म्हणाली.