परुळेकरांचा फ्रिज

परुळेकरांच्या फ्रिजला दहावीचा इतिहास पाठ होता. भूगोलही बऱ्यापैकी झाला होता. बीजगणित मात्र त्याला शेवटपर्यंत जमलं नाही, पण त्यात फ्रिजचा दोष नव्हता. शिकवणारा माझा मुलगा होता.

नव्वदच्या दशकातली, शारजाची गोष्ट. रोल्लातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये परुळेकर आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत. इंडस्ट्रियल एरियात एसीच्या सुट्या भागांचं मोठं गोडाऊन होतं, तिथे ते स्टोअरकीपर. बायको आणि मुलगी कुडाळला. मुलगी, रेवा, पाचवीत असताना इथल्या शाळेत तिला मार्क कमी पडायला लागले, तेव्हा परुळेकरांनीच दोघींना गावी पाठवून दिलं होतं. त्याविषयी ते बोलत नसत. बाकी कुठल्याही विषयावर बोलत, आणि परीक्षा जवळ आल्या की फक्त परीक्षांवर.

बिल्डिंगमधलं कुठलंही शाळकरी पोर दिसलं की ते त्याला आत घेत, फ्रिजसमोर उभं करत आणि म्हणत, "पुस्तक मीट, तोंड उघड. ह्याला शिकव." फ्रिज जुना, कायमचं भारतात परतलेल्या कुणा कुटुंबाकडून घेतलेला. आत अंडी, दही, कोथिंबिरीची जुडी आणि गावच्या लोणच्याची बरणी. त्याच्या पुढ्यात उभं राहून पोरं फ्रेंच राज्यक्रांती समजावून सांगत. मध्येच फ्रिज अंग झटकून घरघरायला लागला, की परुळेकर बोट वर करत. "थांब. त्याला कळलं नाही. पुन्हा सांग."

मी एकदा विचारलं, "अहो परुळेकर, फ्रिजच का? आम्ही आया काय मेलोय?"

"वहिनी, तुम्ही मान डोलावता," ते म्हणाले. "पोरगं अडखळलं की अर्धा शब्द पुरवता. त्याला वाटतं, आपल्याला आलं. फ्रिज कध्धी मान डोलावत नाही."

मी मान डोलावली.

वरच्या मजल्यावरचा केरळी मुलगा फ्रिजला मल्याळममध्ये शिकवायचा. त्यालाही त्यांची हरकत नव्हती. फ्रिजला सगळ्या भाषा सारख्याच कळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान गोडाऊनमधून आलेलं होतं. "माल आत आला म्हणजे काम खलास, असं नसतं. गिऱ्हाइकाने मागितला की काउंटरवर आला पाहिजे. आहे पण सापडत नाही, म्हणजे नाहीच." धडे ओळीने घोकणाऱ्या पोरांवर ते विशेष वैतागत. "गिऱ्हाईक ओळीने येतं का? आधी फिल्टर मागेल, मग पंख्याचा बेल्ट, मग परत फिल्टर." म्हणून ते पोरांना जिन्यात, लिफ्टमध्ये, किराण्याच्या दुकानात गाठून कुठलाही प्रश्न टाकत, आणि उत्तर अर्ध्यावर असताना दुसराच विषय काढत. माझा निनाद एकदा कळवळून म्हणाला, "अंकल, वी आर इन अ लिफ्ट."

"मग? लिफ्टमध्ये गिऱ्हाईक भेटत नाही?"

स्वतः त्यांना यातलं फारसं येत नसे. धड्याचं नाव वाचायचं आणि पुढे प्रश्नचिन्ह लावायचं, एवढंच त्यांचं भांडवल. "रिफ्लेक्शन ऑफ लाइट?" म्हणून ते गप्प उभे राहत. भूमिती तेवढी पक्की होती, कारण गोडाऊनच्या रॅकचे आराखडे ते स्वतः काढायचे.

रंगीत मार्करशी त्यांचं उभं वैर होतं. निनादचं सायन्सचं पुस्तक पिवळ्या मार्करने असं माखलं होतं, की हळद लागलेला नवरदेव बरा. परुळेकरांनी ते पानोपान पाहिलं. "पुस्तक छान तयार झालंय," ते म्हणाले. "बसवा त्यालाच परीक्षेला."

मी खूप हसले. पण निनाद दहावीत गेला, प्रिलिममध्ये सायन्सला आपटला, आणि माझं हसू गेलं. "एव्हरीबडी फेल्ड, आई," तो म्हणाला. एव्हरीबडी म्हणजे तो आणि त्याच्या बाकावरचा मुलगा. आमचे हे तसे थंड डोक्याचे. त्यांनी थंडपणेच निकाल दिला. "बोर्डात हेच झालं तर यल्ला, चला आपल्या नाशिकला. तू आणि तो. पुढचं शिक्षण तिथे. मी इथे कुणाबरोबर तरी शेअरिंगमध्ये राहीन." शारजात असे किती बाप होते, घर मोडून खोलीत पलंगापुरते राहणारे. आमच्या समोरच एक होता.

परुळेकरांना मी जिन्यात हे सांगितलं. एरवी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचं सुरू होई. त्या दिवशी त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, सामान बांधू नका. त्याला माझ्याकडे पाठवा. रोज."

निनाद रोज संध्याकाळी जायला लागला. सुरुवातीला तोंड वाकडं करून. "ही मेक्स मी टॉक टु अ फ्रिज. इट्स एम्बॅरसिंग." आज शिकवलेलं परवा परत, मग आठवड्याने परत. "स्टॉक मोजणं सोडलं की उंदीर लागतात," परुळेकर म्हणत. महिन्याभरात त्यांच्या उघड्या दारातून मला निनादचा चिडलेला आवाज ऐकू आला. "नो, नो, लिसन. इन सीरिज, द करंट इज द सेम!" फ्रिजला साधी गोष्ट कळत नाही म्हणून पोरगा तळमळत होता. मी देवाला हात जोडले. नंतर वाटलं, फ्रिजलाही जोडायला हवे होते.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी परुळेकर पुस्तकच काढून घेत आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवत. "आता फ्रिज वाचेल. तू जेव आणि झोप." सकाळी पुस्तक परत मिळे ते गार आणि कोथिंबिरीच्या वासाचं.

शुक्रवारी सकाळी मात्र फ्रिजला सुट्टी. त्या वेळी कुणी यायचं नाही, असा नियमच होता. पोरांना ते पटलं होतं, सगळ्या ऑफिसांनाच शुक्रवारी सुट्टी असते. मला वाटे, बिचारे उशिरापर्यंत झोपत असतील.

निनाद पास झाला, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. सायन्समध्ये फार दिवे लावले नाहीत, पण नाशिकचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. मला सांगायचंय ते त्या पेपरच्या आदल्या दिवसाचं.

पेपर शनिवारी होता. परुळेकरांनी गुरुवारीच पुस्तक जप्त केलं, शुक्रवार पूर्ण विश्रांतीचा म्हणून. आईच्या जिवाला हे कसं पटावं? शुक्रवारी सकाळी मी निनादला घेऊन पुस्तक सोडवायला निघाले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कुणीतरी फ्रिजला शिकवत होतं, आणि आवाज परुळेकरांचा होता.

"रेवा, कशी आहेस गो? ... नको. हे दर वेळी होतं." ते थांबले. "रेवा, मागच्या दारच्या आंब्याला कैऱ्या धरल्या काय? ... हे आईला विचारायचं." पुन्हा थांबले. "रेवा, इथे समोरचा निनाद आहे ना, तो सायन्समध्ये... छे, छे. ते तर मुळीच नको."

फ्रिज घरघरला.

"कळलं नाही ना?" परुळेकर त्याला म्हणाले. "मलाही नाही."

मी खाकरले. ते वळले. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात फोनचं कार्ड. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

"शुक्रवारचा फोन असतो, वहिनी," ते म्हणाले. "रेवापण दहावीलाच आहे. सोमवारी भूमिती. मी विचारतो, अभ्यास कसा चाललाय. ती म्हणते, बरा. मग आईकडे फोन देते. म्हणून आधी उजळणी करतो. ह्याच्यासमोर सगळं येतं. ती 'हं' म्हणाली की..." त्यांनी कार्ड या हातातून त्या हातात घेतलं. "मार्कांवरून पाठवली ना मी तिला. मग मार्क सोडून बोलायचं काय, ते राहिलंच नाही. माल सगळा आत आहे, वहिनी. काउंटरवर येत नाही."

इतकी वर्षं आमच्या पोरांची तोंडं उघडणाऱ्या या माणसाला काय सांगावं, ते सुचेना. सुचलं ते निनादला. त्याने फ्रिज उघडला, भाजीच्या कप्प्यातून आपलं पुस्तक काढलं आणि दार लावता लावता म्हणाला, "अंकल, यू बी द फ्रिज."

"म्हणजे?"

"लेट हर टीच यू. अँड डोन्ट नॉड."

परुळेकरांनी कार्डावरचा नंबर वाचला. मग त्यांनी फोन लावला. खरं तर आम्ही तेव्हाच निघायला हवं होतं, पण माझा पाय निघेना.

"रेवा, मी बाबा." त्यांनी एकदा फ्रिजकडे पाहिलं. "अगो, तुझ्या भूमितीत ते वर्तुळाचं काय काय असतं ना, स्पर्शिका की काय. मला त्यातलं काही येत नाही बघ. सांगतेस जरा?"

लाइन कटली की काय, असं मला वाटलं. मग रिसीव्हरमधून एक बारीक आवाज सुरू झाला. आधी अडखळत, मग जरा भरभर, मग चक्क रागावून, बापाला एवढंही येऊ नये म्हणून. परुळेकर ताठ उभे होते. त्यांचे डोळे वाहत होते, पण मान जराही हलत नव्हती.

बऱ्याच वेळाने आवाज थांबला. "कळलं का, बाबा?" हे आम्हालाही ऐकू आलं.

"नाही कळलं गो," परुळेकर म्हणाले. "पुन्हा सांग. पहिल्यापासून."